इमान आलं की ढग जात्यात

आमच्या विमानात उठून उभं राहता येत नाही. मागच्या सगळ्या खुर्च्या काढून टाकल्या आहेत, पोटाला परातीएवढं भोक पाडलंय आणि त्या भोकावर लेझरची पेटी बसवली आहे. पेटी बसवून जी जागा उरली ती माझी. एक गुडघा पेटीला टेकलेला, दुसरा विमानाच्या पत्र्याला, समोर स्क्रीन, कानांवर हेडफोन आणि छातीवरून आवळलेले पट्टे. एकदा पट्टे लावले की खाली उतरेपर्यंत मी त्या पेटीचाच एक सुटा भाग असते. पेटीला निदान स्वतःचा पंखा आहे.

काम सांगायला सोपं आहे. विमान कमी उंचीवरून, सरळ रेषेत न्यायचं. पेटीतून लेझरचे ठिपके खाली पडतात, जमिनीला लागून परत येतात, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून जमिनीची उंची कळते. असे इतके ठिपके जमतात की शेवटी सगळ्या मुलखाचा साचाच हाती येतो. बांध, ओढा, चर, गुरांनी पाडलेली पायवाटसुद्धा दिसते. पाणी कुठून कसं वाहील, कालवा कुठून नेता येईल, हे त्यावरून ठरवतात. आम्हाला सातारा आणि सांगलीचा पट्टा मिळाला होता. मेढ्याकडचे डोंगर, कृष्णेचा काठ, आणि मग पूर्वेकडचा कोरडा मुलूख. पूर्वेला पाणी न्यायचं होतं. त्या पूर्वेलाच माझं गाव आहे, म्हसवडच्या अलीकडं, आणि मी मेंढपाळाची मुलगी आहे.

आमचे पायलट फौजेतून निवृत्त झालेले, कृष्णाकाठच्या उसाच्या गावातले. आयुष्यभर हेलिकॉप्टरं आणि विमानं उडवली तरी बोलणं शेतकऱ्याचंच. आम्ही ज्याला लाइन म्हणतो त्याला ते तास म्हणायचे, नांगराचं तास. एक तास संपलं की लांबून वळायचं आणि शेजारचं धरायचं, पहिल्याच्या कडेवर थोडं चढवून, म्हणजे मधे पड, न मोजलेली पट्टी, राहत नाही. वळताना विमान जास्त कलवायचं नाही, नाहीतर वरच्या उपग्रहांशी संपर्क तुटतो. आणि तास धरलं की सोडायचं नाही. पोटात ढवळो, ऊन डोळ्यांत जावो, खाली कुणाचं लग्न असो. जरा वाकडं झालं की ते पूर्ण तास पुन्हा. "तास म्हंजे तास, बेटा," ते म्हणायचे. "बैल थांबतील, आपण न्हाई."

मला हे काम आवडायचं का, असं कुणी विचारलं तर मी आधी पाण्याचं सांगते. विमानात सोय नाही. पायलट साहेबांकडं बाटली होती. बाईमाणसानं काय करायचं, ते पेटी बनवणाऱ्यानं लिहून ठेवलेलं नाही. मी आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायची. मे महिन्यात, पत्र्याच्या डब्यात, घशाला कोरड पडलेली, आणि मी कशासाठी उडतेय तर म्हणे पाण्याच्या सर्वेसाठी. हे मी एकदा हेडफोनवर बोलून दाखवलं तेव्हा साहेब इतके हसले की विमान हललं आणि ते तास पुन्हा करावं लागलं.

पहिल्यांदा आमचं विमान गावावरून गेलं त्या दिवशी खाली उतरताच आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील.

"पोरी, तुझं इमान आज डोस्क्यावरनं गेलं गं."

"दिसलं का आबा?"

"दिसतंय की. लय खालनं गेलं. मेंढरं बुजली. म्या घोंगडं हालवलं, तुला दिसलं का?"

मला काहीच दिसलं नव्हतं. मी स्क्रीनकडं बघत होते. पण दिसलं म्हणाले.

आमच्याकडं विमानाला इमानच म्हणतात. इमान म्हणजे आणखीही काही असतं, हे मला शाळेच्या पुस्तकात कळलं. आबांना दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, आणि त्यांचं कुठं अडलेलं मी तरी पाहिलं नाही. त्यानंतर ते म्हसवडच्या बाजारात, सिद्धनाथाच्या देवळात, पाण्याच्या टँकरपाशी, जिथं माणूस भेटेल तिथं सांगत सुटले, की वरनं जातंय त्या इमानात माझी लेक बसती. मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाची मुलगी आभाळात. त्यांच्या जागी मीही सांगितलंच असतं. पण याला आमच्याकडं हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

कारण ते वळवाचे दिवस होते. आमच्या माण तालुक्यात पावसाळ्याचा भरवसा कुणी धरत नाही. उन्हाळ्यात वळवाच्या दोन सरी आल्या तर माळावर हिरवी लव धरते, ओढ्याच्या डबक्यात पाणी साठतं आणि मेंढरं कशीबशी तगतात. त्या वर्षी ढग जमायचे, काळे व्हायचे, वारा सुटायचा आणि ढग निघून जायचे. रोज तेच. आणि रोज सकाळी वरून आमचं विमान.

आता आमचं गणित असं. खाली ढग असला तर लेझर ढगालाच आपटून परत येतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणून आम्ही आभाळ कोरं असेल तेव्हाच उडतो, आणि ढग जमायला लागले की घरी. गावानं काय पाहिलं? विमान येतं तेव्हा ढग नसतात. विमान येत नाही त्या दिवशी ढग असतात. यात गावानं एक अक्षर खोटं पाहिलं नव्हतं. फक्त बैलाच्या पुढं गाडी जुंपली होती.

मग बोलणं वाढत गेलं. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी इमान लावलंय. त्यांचे बेदाणे शेडवर वाळत घातलेले असतात, त्यांना पाऊस नको असतो, म्हणून ते ढग पळवतात. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि तो मोठा करून बघितला तर विमानाच्या पोटाला भोक. झालं. त्या भोकातून फवारा मारतात. आणि त्या भोकाशेजारी कोण बसतं? मेंढक्याची पोर. तिच्या बापानंच तर सांगितलंय.

हे सगळं मला आईकडून कळलं. आबा फोनवर मेंढरांची खुशाली सांगायचे आणि ठेवून द्यायचे. आई एक दिवस म्हणाली, "यंदा आपल्याला कुणी रान देईना."

ज्याला हे माहीत नाही त्याला सांगायला हवं. ज्वारी निघाली की रान मोकळं होतं, आणि रानमालक स्वतः मेंढपाळाला बोलावतो. मेंढरं त्या रानात बसवायची. लेंड्यांचं खत रानाला मिळतं. मेंढरांना उरलासुरला पाला आणि मालकाच्या विहिरीचं पाणी मिळतं. दोघांचंही भागतं. आबांना कधी रान मागावं लागलं नव्हतं, उलट कुणाच्या रानात आधी बसायचं यावरून मालकांमध्ये रुसवेफुगवे व्हायचे. त्या उन्हाळ्यात आबा दारोदार गेले आणि प्रत्येकानं सांगितलं, यंदा न्हाई. कुणी भांडलं नाही. पाणी आटलंय म्हणाले. ज्यांचं आटलं नव्हतं तेही तेच म्हणाले.

माळ जळालेला, पाणी नाही. मेंढरं राखायची तर रान हवं, नाहीतर आटपाडीच्या बाजारात उभी करायची. उन्हाळ्यात हाडं निघालेली मेंढरं पाळायला कुणी घेत नाही. ती खाटीक घेतो. आमच्या कळपात आजोबांच्या मेंढ्यांची वीण होती, आबा प्रत्येक मेंढीची आई-आजी सांगायचे. पुढचा बाजार येईपर्यंत रान मिळालं नाही तर काढायची, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. मला नाही.

त्यानंतरच्या उड्डाणात मी पहिल्यांदा खिडकीतून खाली बघितलं. आमचं तास गावाच्या डोक्यावरूनच होतं. देऊळ दिसलं, कोरडा ओढा दिसला, आणि एका शेततळ्यातला प्लॅस्टिकचा निळा कागद चकाकला. आमच्या गावात पाणी राखून असलेलं तेवढं एकच शेततळं. माझ्या मनात आलं, खाली लोक मान वर करून बघत असतील आणि त्यांची तोंडं मला इथून दिसत नाहीत तेच बरं. ओरडून सांगावं वाटलं. पट्टा सोडून दार उघडावं आणि ओरडावं, की बाबांनो, ही पेटी नुसती मोजते. पण मी स्क्रीनकडं बघून "लाइन ओके" म्हणाले. इतकं कोंडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

पायलट साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कावळा बसायला अन् फांदी मोडायला. जाऊन समजावून ये."

"आणि नाही समजले तर?"

"तर काय. फौजेत आमी कितीदा समजावलं, कोण ऐकतंय."

दोन दिवसांनी सकाळी ढग आले, उड्डाण रद्द झालं, आणि मी कराडहून, जिथं आमची धावपट्टी होती, एसटी धरून गावाला निघाले. इथंच माझं चुकलं, पण मला ते गावात उतरेपर्यंत कळलं नाही. उड्डाण रद्द झालं तरच मला सुट्टी. म्हणजे मी गावात जाणार तो दिवस ढगांचाच असणार.

देवळासमोरच्या पारावर माणसं बसलेली होती. आबाही होते, एका कडेला, घोंगडं मांडीवर घेऊन. मी पाया पडले, बसले आणि बोलायला लागले. लेझर म्हणजे काय, ढग असला की काय होतं, आम्ही कोरं आभाळ बघूनच का निघतो, सगळं. हातवारे करून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग शेततळ्याचे मालक बोलले. गावातला वजनदार माणूस, लहानपणी मी त्यांच्याच चिंचेखाली चिंचा वेचलेल्या. त्यांना सगळे तात्या म्हणतात.

"तू आज इमानात न्हाईस न्हवं?"

"न्हाई तात्या."

"मग वर बघ."

मी वर बघितलं. माझ्याबरोबर सगळा पार वर बघायला लागला. सगळं आभाळ ढगांनी भरलेलं होतं.

"तू हितं हायस तर ढग बी हितं हायत," तात्या म्हणाले. "आमी काय येगळं बोलतुया?"

मी हसले. दुसरं काय करणार होते. पण बाकी कुणी हसलं नाही. ही माणसं माझ्यावर चिडलेली नव्हती. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं.

मी परतीच्या एसटीसाठी उठले तर एकजण म्हणाला चहा घेऊन जा. चहा झाला, उठले, तर कुणाच्या तरी घरून भाकरी आली. खाल्ल्याशिवाय कशी जाशील. कुणी माझा हात धरला नाही, कुणी आवाज चढवला नाही. फक्त मी उठले की कुणीतरी काहीतरी आग्रह करत होतं. एसटी आली, वळली आणि माझ्यासाठी न थांबता गेली, कारण बाई ऱ्हाणार हायत असं कंडक्टरला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. मग मला गावाचं गणित कळलं. मी नसले तर पेटी चालवायला कुणी नाही, पेटी नाही तर विमान नाही, विमान नाही तर ढग कुठं जाणार नाहीत. पाऊस पडेपर्यंत गावानं मला ठेवून घेतलं होतं.

मला राग आला आणि रडूही येत होतं, आणि मधूनच हसूही. मेंढरं रात्री जाळीच्या कुंपणात कोंडतात, त्याला वाघूर म्हणतात. माणसांची वाघूर मी पहिल्यांदा बघत होते. तेवढ्यात पायलट साहेबांचा फोन आला. उद्या सकाळी आभाळ मोकळं दिसतंय, तुझ्या गावाकडची उरलेली तासं मारून टाकू, पहाटे धावपट्टीवर ये. मी बरं म्हणाले. सगळा पार माझ्या तोंडाकडं बघत होता.

दुपारनंतर ढग काळे झाले. धूळ उठली, पत्रे वाजायला लागले, बायका वाळवण गोळा करायला पळाल्या. मी पारावर बसून आभाळाकडं बघत होते आणि मला कळत नव्हतं की मी काय मागू. पाऊस पडला तर आबांची मेंढरं वाचतील, पण मग जन्मभर माझं विमान पाऊस पळवणारं ठरेल. नाही पडला तर मी खरी ठरेन, आणि कळप खाटकाकडं जाईल. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात, आमच्या गावात तर आडही कोरडा आणि विहीरही. शेवटी मी पाऊसच मागितला. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत, पड बाबा, असं अगदी मनापासून मागितलं.

ढग दहिवडीकडून आले आणि आमच्या डोक्यावरून आटपाडीकडं निघून गेले. चार थेंबही पडले नाहीत.

मी उठून उभी राहिले. "बघा आता. मी हितंच होते. इमान न्हवतं. तरी बी गेले का न्हाई?"

तात्यांनी बोटांवर दिवस मोजले. "परवा येऊन गेलं न्हवं इमान? त्येचा असर एका दिसात जातोय व्हय? चार-आठ दिस ऱ्हा की पोरी."

यावर कुणाकडं काही उत्तर असेल तर मला सांगावं. मी शिकलेली सगळी भूमिती तिथं संपली.

मग तात्या आबांकडं वळले आणि त्यांनी सरळ सौदाच मांडला. वाईट मनानं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की यात सगळ्यांचं भलं आहे. "गड्या, लेकीला पाऊस पडूस्तवर घरी ठेव. तिला मानाची साडी करतो. अन् तुझी मेंढरं उद्यापास्नं माझ्या रानात बसव. पाणी माझ्या शेततळ्यातलं पाज. बाजाराला कशाला जातुयास?"

आबा घोंगड्याचे दोरे ओढत होते. मी हिशेब केला, हिशेब कसला, लगेच ठरवलं. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. कंपनी दुसरं कुणीतरी बसवेल त्या पेटीशेजारी, गावाला ते कळणारही नाही. चार-आठ दिवस आईच्या हातचं खाऊन, मनसोक्त पाणी पिऊन घरी बसायचं, आणि त्या बदल्यात आजोबांची वीण राहणार. मी म्हणाले, "आबा, मी ऱ्हाते."

आबा उठले. लेकीच्या इमानाचं सोडलं तर माणूस फार कमी बोलणारा, पंचायतीत तर कधीच नाही.

"आवं तात्या, उपकार हायत तुमचं," ते म्हणाले. "पर तिला पहाटं जायाचं हाय. तिनं व्हय म्हंटलंय तिकडं."

"आरं, मेंढरं जातील तुझी."

"जाऊ द्यात. मेंढरं परत घेता येत्यात. इमान सुटलं की परत घावत न्हाई."

त्यांना माझं विमान चुकेल असं म्हणायचं होतं, की दुसरं काही, ते मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. तात्यांनी मान खाली घातली आणि पारावरच्या लोकांनी वाट करून दिली.

आबा मला मोठ्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत सोडायला आले. मेंढरं बरोबरच होती, ती कुठं ठेवणार. फाट्यावर मेंढरं बाभळीच्या वाळक्या शेंगा टिपत राहिली आणि आम्ही दोघं एसटीची वाट बघत उभे राहिलो. मी म्हणाले, "आबा, रान घ्यायला पायजे होतं." त्यांनी ऐकलंच नाही असं केलं.

"त्या इमानात बसाय जागा नीट हाय का गं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. गुडघे कसे आखडतात, पट्टे कसे काचतात, पाणी कसं पिता येत नाही, आणि एकदा आत बसलं की वाघरीत कोंडल्यासारखं होतं.

ते हसले. "मेंढराला वाघरीतच झोप लागती."

"मी काय मेंढरू हाय?"

"न्हाईस. म्हणून तर जा म्हंतो."

एसटी आली. मी खिडकीतून वळून बघत राहिले. ते मेंढरांकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी आभाळ इतकं स्वच्छ होतं की मला त्याची चीड आली. आम्ही उजाडता उजाडता निघालो आणि गावाकडची तासं धरली. ऊन वर यायला लागलं तेव्हा गावाच्या पूर्वेच्या तासावर मी खाली बघितलं, आणि आटपाडीच्या रस्त्यावर मला कळप दिसला. आमच्याकडं कळप ओळखायला जवळ जावं लागत नाही. चालायची पद्धत कळते. पांढऱ्या-काळ्या मेंढरांचा पट्टा रस्त्याच्या एका कडेनं सरकत होता आणि मागं एक माणूस. आबांनी पुढच्या बाजाराची वाट पाहिली नव्हती, की बाजारच त्या दिवशी होता, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की माझ्या तोंडून आवाज निघाला आणि तो हेडफोनमधून साहेबांना ऐकू गेला.

"काय झालं बेटा?"

"आमची मेंढरं."

त्यांना सगळं माहीत होतं. मग तास म्हंजे तास म्हणणारा तो माणूस म्हणाला, "एक घिरटी मारू का खालनं? बघून घे बापाला."

घिरटी मारली असती तर ते तास मोडलं असतं. मोडलेलं तास पुन्हा करायचं म्हणजे आणखी एक सकाळ त्या गावावरून जायचं. आणि आबांनी मला पाठवलं होतं ते तास मोडायला नाही.

"नको सर," मी म्हणाले. "सरळ धरा."

कळप खिडकीच्या कडेला गेला आणि मागं पडला. तासाच्या शेवटी आम्ही लांबून वळलो आणि शेजारचं तास धरून परत आलो. येताना मी खाली बघितलं नाही. मी स्क्रीन बघत होते. स्क्रीनवरचं सगळं हिरवं होतं, म्हणजे सगळं ठीक.

पूर्वेचं काम संपलं आणि आम्ही मेढ्याकडच्या उरलेल्या डोंगरांवर गेलो. विमान गेल्यावर काही दिवसांनी माझ्या गावाला पाऊस झाला. व्हायचाच होता, पावसाळाच लागला होता. आई म्हणाली, गाव म्हणतंय, बघा, इमान गेलं अन् पाऊस आला. तात्यांनी आबांना बोलावून घेतलं आणि रान देऊ केलं. तेव्हा आबांकडं रानात बसवायला काही उरलं नव्हतं. आता ते तात्यांच्याच रानात मजुरीला जातात.

पावसाळ्यात उड्डाणं बंद. आम्ही माधवनगरच्या ऑफिसात बसतो. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, दिवसभर. उन्हाळ्यात गोळा केलेले ठिपके तेव्हा निवडायचे असतात. नियम साधा आहे. जमीन तेवढी ठेवायची. घरं, तारा, झाडं, गाड्या, गुरं, माणसं, जे जे जमिनीच्या वर आहे ते बाजूला काढायचं. पहिली निवड मशीन करतं आणि चुका आम्ही दुरुस्त करतो. मशीनला जमिनीपासून थोडं वर काही दिसलं की ते त्याला झुडूप म्हणतं.

आटपाडीच्या रस्त्याचा तुकडा माझ्याच वाट्याला आला. मला कळप दिसला होता त्या तासात रस्त्याच्या कडेला मशीननं झुडपांची एक रांग दाखवली होती. बुटकी बुटकी झुडपं, एकाला एक चिकटलेली, आणि शेवटी एक उंच. तिथं झुडपं नाहीत, उघडा माळ आहे, हे मला माहीत होतं. माझ्या आजोबांची सगळी वीण मशीननं झुडपांत घातली होती आणि माझ्या बापालाही. मला हसू आलं. बराच वेळ मी नुसती बघत बसले, कारण एका बटणावर ते सगळं जाणार होतं आणि खाली कोरा रस्ता राहणार होता.

काढण्याआधी मी शेजारचं तास त्यावर चढवून बघितलं, जे आम्ही वळून परत येताना मारलं होतं आणि ज्यात मी खाली बघितलं नव्हतं. दोन्ही तासांच्या कडा त्या रस्त्यावर एकमेकींवर येत होत्या. मधल्या वेळात झुडपांची रांग रस्त्यानं बरीच पुढं गेली होती, आटपाडीकडं. उंच झुडूप मात्र मागंच होतं, आधी होतं तिथंच, आणि आता ते एका बाजूला रुंद झालं होतं, हात लांब करून कुणी घोंगडं हलवावं तेवढं.